किडेवाल्या पाटील मॅडम

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात एके काळी पाच पाटील मॅडम होत्या. खानदेशात याचं कुणालाच नवल वाटणार नाही. उलट पाचच कशा, असं विचारतील. शिपायांनी आपापली सोय लावली होती. इतिहासाच्या पाटील मॅडम, लायब्ररीच्या पाटील मॅडम, उंच पाटील मॅडम, नव्या पाटील मॅडम आणि प्राणिशास्त्राच्या त्या किडेवाल्या पाटील मॅडम. हे नाव एकदा त्यांच्या कानावर गेलं. आता कुणाची तरी कानउघाडणी होणार म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये कान टवकारून बसलो. मॅडमनी डबा उघडत शांतपणे दुरुस्ती केली, "किडेवाली नाही हो मी. किड्यांच्या पोरांवाली."

हे अक्षरशः खरं होतं. मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक असतो. काचेसारखे पंख, मागे केसासारखे दोन-तीन लांब धागे. संध्याकाळी नदीकाठी थव्यानं उडतो आणि एक-दोन दिवसांत मरून जातो. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याआधी हा प्राणी कितीतरी महिने पाण्यात, दगडांच्या खाली, पोर म्हणून जगलेला असतो. मॅडमचं आयुष्य त्या पोरांमध्ये गेलं. नखाएवढं पोर बघायचं आणि हे कुठल्या घरातलं, कुठल्या जातीचं, मोठेपणी कोण होणार, ते ओळखायचं. त्याचे कल्ले बघायचे, नख्या बघायच्या, जबडा उघडून बघायचा.

मी मराठीचा मास्तर. माझा आणि या विद्येचा संबंध एवढाच, की देवपुरात आमची घरं समोरासमोर होती आणि माझ्याकडे चारचाकी होती. त्यामुळे मॅडमना आयुष्यात नेमकं काय हवंय, ते मला प्राणिशास्त्राच्या लोकांआधी कळलं.

पिंपळनेरच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. तिथे त्यांना एक पोर सापडलं होतं आणि ते कुठल्याच पुस्तकाशी जुळत नव्हतं. त्याच्या कल्ल्याच्या प्रत्येक पानाला टोकाशी तीन बारीक बोटं होती. मॅडमच्या मते ही नवी जात असण्याचा दाट संभव होता. पण तसं म्हणायचं तर त्या पोराला जिवंत वाढवायचं, त्याला पंख फुटू द्यायचे आणि त्यातला नर नीट तपासायचा. नराच्या शेपटाकडे चिमट्यासारखा एक अवयव असतो, त्यावर जात ठरते. तोवर त्या पोराच्या बाटलीत, स्पिरिटात पुसली जाऊ नये म्हणून पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी असे. ओढ्याचं नाव, पाण्याची खोली, आणि जातीच्या नावापुढे एकच शब्द : 'बाकी'.

"पण तुम्हाला खात्री आहे ना? मग देऊन टाका नाव," मी एकदा म्हणालो.

"देवरे सर, एकदा दिलं होतं," त्या म्हणाल्या.

ती गोष्ट त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगत. मी ती बाहेरच्या व्हरांड्यात उभा राहून ऐकली आहे. फळ्यावर दोन पोरांची चित्रं काढायच्या. एक फिकट, लहान कल्ल्यांचं. दुसरं पट्ट्यापट्ट्यांचं, मोठ्या कल्ल्यांचं. मग म्हणायच्या, "मी तुमच्यापेक्षा थोडीच मोठी होते. हे पट्ट्यांचं पोर सगळ्यांना माहीत होतं. हे फिकट मला पांझरा नदीत मिळालं. मी म्हटलं, ही नवी जात. लिहिलं, छापून आलं, भडगावला वडिलांनी पेढे वाटले. आणि पुढच्या हिवाळ्यात माझ्या टेबलावरच्या बशीत, माझ्या डोळ्यांदेखत, त्या फिकट पोरानं कात टाकली आणि आतून हे पट्ट्यांचं बाहेर आलं." इथे त्या खडूनं पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एक बाण काढायच्या. "ते त्याचंच लहानपण होतं. माझी जात बशीत वारली. मीच जन्माला घातली, मीच जाहीर सभेत उभं राहून तिचं सुतक पाळलं."

पोरं हसायची. मॅडमही हसायच्या. पण बाण काढताना खडू जरा जास्तच दाबला जायचा.

तेव्हापासून त्यांचा नियम झाला होता : वाढवून बघितल्याशिवाय नाव नाही. हा नियम त्यांनी किड्यांपुरता ठेवला असता तर आमचे बरेच ताप वाचले असते. पेपर तपासताना त्या 'नापास' असं कधी लिहीत नसत. समासात बारीक अक्षरात 'अपक्व, पुन्हा बघावे' असं लिहीत. परीक्षा विभागानं यावर त्यांना दोनदा बोलावून घेतलं. स्टाफरूममध्ये कुणी एखाद्या विद्यार्थ्याला 'हा वाया गेलेला आहे' म्हटलं, की यांचा डब्यातला घास थांबे. "कितवीत आहे? एफवाय? अजून कल्ले फुटायचेत त्याला." आमच्या एका सहकारी बाईंनी मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो मोठ्या कौतुकानं सगळ्यांना फिरवला. मॅडमनी तो चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ निरखला आणि परत देत म्हणाल्या, "नमुना चांगला आहे. प्रौढ आहे का, ते एका फोटोवरून सांगता येणार नाही." लग्न झालं, जावई चांगला निघाला, पण त्या बाई मॅडमशी वर्षभर बोलल्या नाहीत.

माझीही एकदा त्यांनी चांगली जिरवली. मराठीत या कीटकाला धड नाव नाही, तुम्ही मराठीवाले आहात, सुचवा काही, असं त्यांनी मला सांगितलं. मी दोन दिवस घालवून मोठ्या अभिमानानं 'क्षणजीवी' हा शब्द नेला. वाटलं, खूश होतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या माहेरच्या माणसांबद्दल काही बोललो होतो.

"क्षणजीवी? दोन पावसाळे पाण्यात काढतात काही काही. पूर सोसतात, मासे चुकवतात, कितीदा तरी कात टाकतात. आणि तुम्ही त्यांना लग्नाच्या दिवशी पाहिलंत, म्हणून त्यांचं आयुष्य एका दिवसाचं? सर, तुम्ही वऱ्हाडी माणूस आहात. जेवून उठलात की संपलं लग्न."

मी तो शब्द मुकाट्यानं खिशात घातला. अजून त्या कीटकाला मराठीत नाव नाही आणि त्याचं खापर मी स्वतःवर फोडून घ्यायला तयार नाही.

पिंपळनेरला मी त्यांच्याबरोबर बऱ्याचदा गेलो. साक्री मागे पडलं की त्या गाडीत बोलायच्या थांबत आणि खिडकीतून ओढ्यांचं पाणी बघत. सामान घरगुती होतं : मैद्याची चाळणी, स्टीलचं ताट, चमचा, रंगवायचा बारीक कुंचला आणि झाकणाचे डबे. साडीचा काचा मारून, कॅनव्हासचे बूट घालून त्या पाण्यात उतरत, दगड उचलत, उलटा करून बघत आणि पुन्हा होता तसा ठेवून देत. मी एकदा एक दगड बघून झाल्यावर तसाच भिरकावला तर मला ओरडल्या, "अहो, कुणाचं तरी छप्पर आहे ते!" मी पाण्यात जाऊन तो दगड शोधून आणला. कुठला होता ते अर्थातच मला कळलं नाही. एक बरासा बघून ठेवला.

असंच एकदा धुणं घेऊन आलेली एक म्हातारी बराच वेळ हे बघत राहिली. शेवटी तिला राहवेना.

"काय दखी रायनी व माय? मासा शेतस का?"

"मासा नही वं, किडा शेतस," मॅडम म्हणाल्या आणि आम्ही धुळ्याहून आलोय, तेही सांगितलं. भडगावच्या असल्यानं त्यांची अहिराणी अस्सल होती. कॉलेजात ती त्या बाहेर काढत नसत.

"किडा दखाले धुयाथीन उनात?" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आमना गहूमा बठ्ठा किडाच शेतस. ल्या नि जा!"

मॅडम पाण्यातच खाली बसून हसल्या. साडी भिजली. मग त्यांनी म्हातारीला ताटातलं एक पोर दाखवलं. कल्ले हलताना दाखवले. म्हातारी बघत राहिली आणि म्हणाली, "श्वास लेस ना वं ते." जाताना मॅडम मला म्हणाल्या, "एवढं जरी माझ्या टीवायच्या पोरांनी आपणहून पाहिलं ना, तरी पगार फिटला."

ती तीन बोटांच्या कल्ल्यांची पोरं आणायला काही अडचण नव्हती. खरी अडचण ती धुळ्यात जगवायची ही होती. थंड, वाहत्या, हवेशीर पाण्यातला जीव. धुळ्यात होळी झाली की टाकीचं पाणी अंघोळीला तापवावं लागत नाही. मॅडमनी माठ करून पाहिला, मत्स्यालयाचा पंप करून पाहिला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बादली करून पाहिली. पोरं यायची, आठवडाभर चांगली खायची आणि पंख फुटायच्या आत मरायची. मॅडम चिमट्यानं काढून बाटलीत ठेवायच्या आणि चिठ्ठीवर पुन्हा 'बाकी' लिहायच्या.

मग एका मार्चमध्ये त्यांना कूलर दिसला. म्हणजे तो घरात होताच. खानदेशात कूलर नसलेलं घर नसतं. पण त्या दिवशी त्याच्यासमोर बसून घाम पुसता पुसता त्यांना दिसलं, की गवताच्या जाळ्यांवरून सतत पाणी ओघळतंय, वाऱ्यानं गार होतंय, टाकीत पडतंय आणि पंप ते पुन्हा वर नेतोय. "अहो सर, हा तर ओढा आहे!" त्या माझ्या दारात येऊन ओरडल्या. मी पेपर वाचत होतो, मला वाटलं कुठे पाइप फुटला.

चहाची दोन गाळणी तोंडाला तोंड लावून तारेनं बांधायच्या. आत एक पोर, एक छोटा दगड आणि चढायला पाण्याबाहेर येणारी काडी. अशी गाळण्यांची जोडपी त्यांनी कूलरच्या टाकीत लटकवली. आता आली का पंचाईत? पंखा लावला तर नुकते पंख फुटलेला प्राणी वाऱ्यानं गाळण्याच्या जाळीवर आपटणार. म्हणून वारं बंद, पाणी चालू; ओघळून होईल तेवढंच गार. भर एप्रिलमध्ये मॅडम घरात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या आणि समोर त्यांचा कूलर किड्यांच्या पोरांना गार करायचा. वीज गेली की माझी बायको मंगल आणि त्या आळीपाळीनं तांब्यातांब्यानं जाळ्यांवर पाणी ओतायच्या. मंगल माझ्यासाठी एवढी कधी राबलेली मला आठवत नाही, पण ते असो.

त्या वर्षी पोरं जगली. त्यांच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडायला लागल्या. याचा अर्थ आता आज-उद्या. मॅडमच्या चेहऱ्यावर मुलीच्या बाळंतपणाची वाट बघणाऱ्या आईसारखी कळा आली होती. आणि नेमकी त्या दिवशी त्यांची परीक्षेची ड्यूटी लागली. त्या किल्ली मंगलकडे देऊन गेल्या.

दुपारी डेंग्यूच्या तपासणीला घरोघर फिरणारी बाई आली. मंगलनं नेहमीसारखं मॅडमचं दार उघडून दिलं आणि गॅसवर काहीतरी होतं म्हणून घरात पळाली. बाईनं काम चोख केलं. माठ बघितला, फ्रिजमागचा ट्रे बघितला, कूलरचं झाकण काढलं. मॅडम परत आल्या तेव्हा ती कोपऱ्यावर दुसऱ्या घरातून बाहेर पडत होती. मॅडमना बघून मोठ्या आपुलकीनं म्हणाली, "मॅडम, तुमना कूलरमा बठ्ठा किडाच किडा व्हतात! गायनीमा अटकेल. मी दवाई टाकी दिधी, आते काही घोर नही."

मी फाटकात उभा होतो. मॅडमच्या हातातली पर्स खाली पडली. त्या आत धावल्या. सगळी गाळणी एकेक करून उघडली. मग बाहेर येऊन ओट्यावर बसल्या आणि रडल्या. पंधरा वर्षांच्या शेजारात मी त्यांना त्या वेळीच रडताना पाहिलं. मंगल तर ओक्साबोक्शी रडत होती, चूक आपलीच म्हणून. ती तपासणीवाली बाई बिचारी समोर उभी, हातात बाटली, चेहरा पांढराफटक.

मॅडमनी डोळे पुसले आणि तिला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. मॅडमनी एक गाळणं तिच्यासमोर धरलं. "हे बघ. शेपटीला तीन धागे आहेत ना? बाजूला पानं? हे डासाचं नाही. डासाचं पोर वाकडं होऊन उड्या मारतं. पण तू बरोबर केलंस. तुला जे सांगितलं होतं, तेच केलंस. मी कूलरवर पाटी लावायला हवी होती." मग मंगलकडे वळल्या, "आणि तू उठ. चहा ठेव. साखर जास्त."

दुसऱ्या दिवशी कूलरवर पाटी आली : 'ह्या अळ्या आमच्या आहेत.' गल्लीतली पोरं ती वाचायला यायची.

त्यानंतर एक-दोन हिवाळे कोरडे गेले. ओढा लवकर आटला, पोरं मिळाली ती अगदीच लहान. आणि मध्येच आणखी एक गोष्ट सुरू झाली. मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या की मान तिरकी करायला लागल्या. आधी आम्हाला वाटलं, मानेचं दुखणं. मग एकदा माझ्या दारावरची नावाची पाटी वाचताना त्यांनी ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचलेली मी पाहिली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. इंजेक्शनं दिली, पण ते काही मागे येणारं नव्हतं.

"शेपट्या दिसतात," त्या मला म्हणाल्या, "कल्ले दिसत नाहीत. आता काय गंमत आहे बघा, माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग पिंपळनेरला लवकर चला. वेळ कमी आहे."

त्यातच त्यांचा निरोप समारंभ आला. सभागृहात निवेदकानं माइकवरून जाहीर करून टाकलं, की मॅडमनी एका नव्या जातीचा शोध लावला असून पिंपळनेरच्या नावानं ती लवकरच जगभर ओळखली जाणार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी निवेदकाच्या कानावर ही गोष्ट हौसेनं घातली होती आणि पिंपळनेरचं नाव द्यायचं मॅडमच्या मनात होतंच, हेही खरं. फेट्याखालून मॅडम उठल्या, शाल सावरली, माइक धरला.

"अजून बाळ आहे ते," त्या म्हणाल्या. "बारसं झालेलं नाही. टाळ्या परत घ्या."

प्राचार्य ओशाळले. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या रांगेत त्यांचे जुने विद्यार्थी बसले होते, ते मात्र उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. परत काही घेतल्या नाहीत.

शेवटचं वाढवणं माझ्या घरी झालं. मॅडमना एकटीला आता गाळणी बांधणं जमत नव्हतं. मंगलनं आमचा कूलर त्यांना देऊन टाकला आणि मी त्या मार्चमध्ये घरात घामाघूम होऊन तुकारामाच्या तासांची तयारी केली. मॅडम दिवसभर आमच्या हॉलमध्ये कूलरशेजारी खुर्ची टाकून बसत. दिसत नसलं तरी पाण्याचा आवाज बदलला की त्यांना कळे. "पंप कचरा ओढतोय, देवरे सर." आणि खरंच असे.

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मंगल ओरडली. एका गाळण्यात काडीवर एक पोर चढलं होतं. पाठ फाटली आणि आतून राखाडी, मळकट पंखांचा प्राणी हळूच बाहेर आला. मी टाळी वाजवणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. हा झालेला नाही अजून. पंख फुटल्यावरही याला एकदा कात टाकावी लागते. जगात हा एकटाच किडा तसा. कुणी हात लावू नका." सकाळपर्यंत गाळण्यावर मंगलची ओढणी घालून ठेवली. सकाळी ओढणी काढली तर आतला प्राणी काचेसारखा लखलखत होता. नर होता. मोठे डोळे, मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं.

पोराची कात आणि तो नर, दोन्ही एकाच बाटलीत गेले. पोरगं आणि बाप्या एकच, याचा तो पुरावा. मग सूक्ष्मदर्शक आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. मॅडमनी सवयीनं आधी स्वतःच डोळा लावला. मान तिरकी केली, या बाजूनं, त्या बाजूनं. बराच वेळ. मग खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही बघा आणि सांगा."

"मी? मॅडम, फोटो काढून पाठवू या ना कुणाला."

"पाठवू मागाहून. आधी मला ऐकायचंय."

मी डोळा लावला. शेपटाच्या टोकाशी दोन वाकडे दांडे, मध्ये दोन नळ्या. मी सुरुवात केली, "मॅडम, दोन्ही बाजूंनी असे हात जोडल्यासारखे, नमस्कार केल्यासारखे, नाजूक..."

"नमस्कार नको. सांधे किती?"

"तीन."

"शेवटचा मधल्याच्या मानानं?"

"आखूड. निम्म्याहूनही आखूड."

"मधल्या नळ्या. टोकं आत वळलीत की बाहेर?"

"बाहेर."

"बुडाशी काही?"

मी नीट पाहिलं. "एक दात आहे. आतल्या बाजूला. दोन्हींना."

मी मान वर केली तर मॅडम भिंतीकडे बघत होत्या. "दात आहे? तुम्हाला असावासा वाटतोय म्हणून नाही ना? उठा. पाणी प्या. परत बघा."

मी पाणी प्यालो. परत पाहिलं. दात होता.

"मग याला नाव आहे," मॅडम म्हणाल्या. "फार जुनं. कुणीतरी दूर दक्षिणेत, दिव्यावर आलेला एकच नर पकडून लिहिलंय. चित्र पाठ आहे मला. तो दात दुसऱ्या कुणाला नाही. पण त्याचं पोर कसं असतं, ते आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं."

म्हणजे नवी जात नव्हती. मंगलला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती मॅडमच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हणालो, "मॅडम, पिंपळनेर..."

"हो, वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? हवं होतं मला ते नाव." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, जसं काही त्यानं दिसणार होतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर हरल्यावर पाहिलेला नाही. "पण बघा ना, बिचारा. एवढी वर्षं सगळ्यांना हा फक्त मोठा झालेलाच माहीत होता. पुस्तकात याला लहानपणच नव्हतं. आणि इकडे मी त्याच्या लहानपणाला बिननावाचं म्हणून बसले होते. एकाच घरातले दोघं, एकमेकांना शोधत होते."

चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. लॅटिन स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं. मी चुकलो, खोडलं, नवी चिठ्ठी घेतली. अक्षर चांगलं आलंय का, असं त्यांनी मंगलला विचारलं.

त्यानंतर वर्षभरातच त्या धुळ्याचं घर विकून भडगावला भावाकडे राहायला गेल्या. त्यांचे विद्यार्थी त्या पोराचं वर्णन तयार करत होते. फोटो जाणकारांना दाखवून झाले, त्यांनीही तेच नाव सांगितलं. लेख छापून आला तेव्हा मी चाळीसगावला एका कामानं गेलो होतो, तसाच पुढे भडगाव गाठलं. भावजय दारातच म्हणाली, "अक्का नदीवर गयात. डोयासले दिसत नही, तरी रोज जातस."

गिरणेला त्या दिवसांत घोट्याएवढं पाणी होतं. मॅडम काठापासून थोड्या आत वाकून उभ्या होत्या. माझी पावलं ओळखून म्हणाल्या, "या, भाऊ." त्या भडगावात गेल्यापासून मी सरचा भाऊ झालो होतो. मी काठावरूनच लेख छापून आल्याचं सांगितलं आणि पहिला परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी मान न उचलता ऐकला.

"कल्ल्याची बोटं तीन लिहिलीत ना?"

"तीन."

"मग झालं."

मी चप्पल काढून पाण्यात उतरलो. त्यांचा उजवा हात पाण्याखाली उघडा होता आणि तळव्यावर एक पोर बसलेलं होतं. कुठलं ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चपटं आहे, धरून बसतं, एवढं कळतं. पुढचं आता दुसरे कुणी सांगतील." मग त्यांनी हात पाण्यात आणखी खाली नेला, तळाच्या वाळूला टेकवला आणि थोड्या वेळानं मला विचारलं, "गेलं का?"

मी वाकून पाहिलं. "नाही. अंगठ्यापाशी आहे अजून."

"असू दे मग," त्या म्हणाल्या, आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.